शंभराच्या आतलं पेन-किट घ्यावं का?

अमळनेर, पारोळा, धरणगाव या भागात जुनी धाब्याची घरं पाडायचं काम बारा महिने चालू असतं. माती ट्रॉलीत जाते, दगड नव्या घराच्या पायात जातात आणि खांब, तुळया, कड्या तेवढ्या अंगणात उरतात. चांगलं सागवान असलं तर व्यापारी लगेच उचलतो. पण हल्ली पुण्या-सुरतेला नोकरीला असलेली पोरं त्यातला हातभर तुकडा बाजूला काढून माझ्या लाकूड कातायच्या लेथवर आणून देतात. "दादा, आजोबांच्या ओसरीचा खांब आहे. सगळ्या भावंडांना एकेक पेन करून द्या."

पेनाला लाकूड फार लागत नाही. पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब तुकडा पुरतो. लागतं ते किट. दोन पितळी नळ्या, निब (रिफिलचं टोक जिथून बाहेर येतं तो पुढचा निमुळता भाग), रिफिल पुढे-मागे करणारी फिरकी, मधली रिंग, क्लिप, वरची टोपी आणि एक रिफिल, एवढा ऐवज प्लास्टिकच्या पुडीत येतो. नळ्या लाकडात चिकटवायच्या, लाकूड कातायचं, पॉलिश करायचं आणि बाकीचे भाग दाबून बसवायचे. ऑनलाइन बघाल तर सात मिलिमीटर नळीचं बारीक किट दहाच्या पाकिटात घेतलं की नगामागे शंभराच्याही आत पडतं. तेच जरा बऱ्या ठिकाणाहून घेतलं तर दोन-अडीचशे. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. लेथ नवीन घेतलेली पोरं म्हणूनच विचारतात, की दादा, फरक काय?

हात बसवायचा असेल तर स्वस्तातलं खुशाल घ्या. बाभळीवर, कडुलिंबावर, पॅकिंगच्या लाकडावर चालवा. पण आजोबांच्या खांबाला ते लावू नका. ते लाकूड परत मिळणार नाही आणि पेन बिघडतं ते सहसा लाकडामुळे बिघडत नाही.

आता पुडी फोडल्यावर मी काय बघतो ते सांगतो.

नळी आधी. माप घ्यायचा व्हर्निअर लावायचा आणि पाकिटातल्या सगळ्या नळ्या मोजायच्या, एक मोजून भागत नाही. स्वस्त मालात एकाच पाकिटात एक नळी सात मिलिमीटरच्या छिद्रात खुळखुळते आणि दुसरी हातोडीशिवाय जात नाही, असं होतं. खुळखुळणारी एक वेळ अरल्डाइटने भरून निघते. घट्ट नळी मात्र अर्ध्यात अडकली आणि डिंक फेव्हिक्विकच्या जातीचा असला, तर तुकडा गेलाच. नळीच्या तोंडाला कापल्याची धार राहिलेली असते, ती आतून गोल कानशीने काढायची. नाहीतर निब वाकडी बसते आणि लाकूड तोंडाशी चिरतं. एवढं सोडलं तर स्वस्त किटातली नळी बहुतेक वेळा कामापुरती ठीक असते. नळीत कोणी फार चोरी करत नाही.

चोरी होते ती धातूत. निब आणि टोपी पितळेची आहे की जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, हे वरून कळत नाही, कारण वर मुलामा असतो. लोहचुंबक घेऊन बसणारे लोक मी पाहिलेत. चुंबक लोखंड दाखवतो. पितळ आणि जस्त दोघंही त्याला दाद देत नाहीत. त्यापेक्षा जो भाग दाबून नळीच्या आत जाणार आहे, त्यावर कानशीचा एक ओरखडा मारा. पिवळं दिसलं तर पितळ. पांढरट-करडं दिसलं तर जस्त. ओरखडा नळीत लपतो, कोणाला दिसत नाही. जस्ताची निब लगेच मोडते असं नाही, पण वाकडी दाबली गेली तर पितळ जरा नमतं घेतं, जस्त तडकतं.

क्लिपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खिशाच्या जाड कापडावर चार-सहा वेळा चढवून-उतरवून बघा. फाकली आणि परत आली नाही तर बाद.

खरी परीक्षा फिरकीची. जोडणीच्या आधी, सगळं सुटं असतानाच, रिफिल फिरकीत आट्यांवर बसवा, फिरवून पूर्ण बाहेर काढा आणि टोक लाकडी फळीवर उभं धरून जोर द्या. आपल्याकडे तीन कार्बन कॉप्यांचं बिलबुक लिहिणारा दुकानदार जेवढा जोर देतो तेवढा. रिफिल मागे सरकली तर ती फिरकी टाकून द्यायची, हळहळायचं नाही. चांगली फिरकी लोण्यासारखी फिरते आणि शेवटी स्पष्ट थांबते. वाईट फिरकी एक तर खरखरते, नाहीतर शेवटच नसल्यासारखी फिरत राहते. शंभराच्या आतल्या मालात सगळ्यात जास्त फरक मला इथेच दिसतो. पाकिटातल्या काही फिरक्या अगदी झकास निघतात आणि शेजारचीच ढिली. म्हणजे कारखान्याला चांगली करता येत नाही असं नाही, वेचून बाजूला काढायला माणूस ठेवलेला नाही, एवढंच. वेचायचं काम आपल्या गळ्यात येतं.

जोडल्यावर का नाही तपासायचं? कारण फिरकी नळीत दाबून बसते. जास्त आत गेली तर रिफिलचं टोक कायमचं बाहेर डोकावतं आणि शर्टाचा खिसा निळा होतो. ती परत काढायची म्हणजे मागून पंच घालून ठोकायची, आणि त्या ठोकण्यात पातळ कातलेलं सागवान फाटतं. म्हणून थोडी दाबा, रिफिल लावून बघा, परत थोडी दाबा. अडीचशेच्या किटालाही हे चुकत नाही.

आता सोन्याकडे येतो. आपल्याकडे मुंजीला, निरोप समारंभाला, शिक्षकदिनाला पेन द्यायचं म्हटलं की सोनेरीच हवं असतं. पुडीवर '24 कॅरेट गोल्ड' छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. दुसऱ्यांनी केलेली पेनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यात सोनेरी जास्त. पारोळ्याचे एक सर निवृत्तीला मिळालेलं पेन घेऊन आले. लाकूड अंजनाचं, नंबर एक, काळपट तांबूस, आरशासारखं. पण मधली रिंग आणि निबचं टोक पार उघडं पडलेलं, घामाने डागाळलेलं. सर पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "सोनं उडी गयं ना भो!"

जळगावला सराफ बाजारात मुलाम्याचं काम करणारे एक नाना ओळखीचे आहेत. रेल्वेने पुढचंच मोठं स्टेशन, जाणं-येणं असतंच. त्यांना ती पुडी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मायक्रॉन किती?" ते तर कुठेच छापलेलं नव्हतं. नाना म्हणाले, कॅरेटवरून सोनं किती शुद्ध ते कळतं, थर किती जाड ते नाही. आणि 24 कॅरेट म्हणजे सोन्यातलं सगळ्यात मऊ सोनं. इतका पातळ थर आणि तोही मऊ, रोज बोटं घासली तर टिकणार कसा? जळगावसारख्या सोन्याच्या गावाच्या एवढं जवळ राहून ही गोष्ट आपल्याला पुडी वाचताना सुचत नाही, याचं मला नवल वाटतं. एक ग्रॅमच्या पाटल्या घेताना आपल्या बाया जेवढी चौकशी करतात, तेवढी पेन घेणारा करत नाही.

म्हणून स्वस्तातलं घ्यायचंच असेल तर क्रोम घ्या. क्रोम कडक असतं, घासाला टिकतं. सोनेरी दिसायलाच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा लेप असलेलं किट मागा. तो रंगाने सोनेरी असतो, सोनं त्यात नसतं, पण ड्रिल बिटांवर जो पिवळा लेप असतो तोच हा. लोखंडात छिद्र पाडताना टिकतो तो बोटांनी जाणार नाही. शंभराच्या आत तो मिळत नाही. कोणी त्या भावात देतो म्हणाला तर कापसाला थिनर लावून पुसून बघा. रंग कापसावर उतरला तर ते नुसतं रंगीत लॅकर.

रिफिलचा मुद्दा लोक विसरतात. सात मिलिमीटरच्या बारीक किटात क्रॉस पद्धतीची, मागे आटे असलेली बारीक रिफिल लागते. सोबत आलेली बऱ्याचदा अर्धवट सुकलेली असते. ती संपली की आजोबांच्या खांबाचं पेन ड्रॉवरमध्ये पडतं, कारण तालुक्याच्या स्टेशनरीत ती रिफिल मागितली तर दुकानदार दुसरंच काहीतरी पुढे करतो. पार्कर पद्धतीची जाड धातूची रिफिल मात्र शाळेजवळच्या टपरीतही मिळते. त्यामुळे मी आता घरच्या लाकडासाठी पार्कर रिफिल बसणारी जाड किटंच वापरतो. किमतीला जास्त, ड्रिल बिट वेगळं, बुश (कातताना तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या कड्या) वेगळे. पण नातवाला पंधरा वर्षांनीही त्या पेनाने लिहिता येईल.

बुशांचं निघालंच तर, किटासोबत विकले जाणारे बुश आणि प्रत्यक्ष निब-रिंग यांची मापं स्वस्त मालात जुळतीलच असं नाही. बुशाला टेकेपर्यंत कातलं आणि जोडल्यावर लाकूड नखाला लागलं, ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. शेवटचे दोन हात व्हर्निअर घेऊन, त्याच पेनाच्या निबच्या मापाला कातायचे.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडीठाक होते. लाकूड आकसतं, आतली पितळी नळी त्याच्याबरोबर आकसत नाही, मग तणाव पडून लाकूड उभं चिरतं. लोक किटाला शिव्या देतात. तो दोष किटाचा नाही. पावसाळ्यात पाडलेल्या घराचं लाकूड ओलं असतं, ते निदान एक उन्हाळा सावलीत वाळू द्या. सागवानात तेल असतं, म्हणून छिद्र आतून थिनरने पुसा, नळी पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि फेव्हिक्विकऐवजी अरल्डाइट वापरा. ते जरा लवचिक राहतं. अंजनाला ड्रिल मारताना घाई करू नका. छिद्र तापलं की भेग तिथेच सुरू होते, दिसते महिन्याने.

तर दहाचं पाकीट मागवणार असाल तर क्रोमचं मागवा, त्यातले सात-आठ बरे निघतील असा हिशेब धरा आणि सुट्या फिरक्या मिळतात त्या जास्तीच्या घेऊन ठेवा. पुडी फोडली की बरेच विक्रेते माल परत घेत नाहीत, त्यामुळे आधी एकच फोडा. नळी मोजा, ओरखडा मारा, फिरकी दाबून बघा. त्यात पास झालं तर बाकीच्या फोडा.