मेटा कन्टेन्ट लायब्ररी : मराठीतली अफवा शोधायला कितपत उपयोगी?

सोशल मीडियामुळे होणारं नुकसान कसं कमी करता येईल, या विषयावर पीएचडीची फेलोशिप मिळाली की पुढचा प्रश्न डेटाचा. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्टींचा माग काढणारं मेटाचं क्राउडटँगल हे साधन होतं तोवर बरं होतं, पण मेटाने ते १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. त्याच्या जागी मेटा कन्टेन्ट लायब्ररी आली. तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचा सार्वजनिक मजकूर शोधता येतो.

एका बाबतीत ती आधीच्यापेक्षा नक्कीच सरस आहे. क्राउडटँगलवर लाइक, शेअर, कमेंट मोजता यायच्या, पण मजकुराची किंवा फोटोची पोस्ट किती वेळा पाहिली गेली ते कळायचं नाही. इथे व्ह्यूचा आकडा मिळतो. ज्याने खोटी पोस्ट वाचली, खरी मानली आणि कुठलंच बटण दाबलं नाही, तो लाइक-शेअरच्या हिशेबात कधी येतच नव्हता.

अर्जाची छाननी मेटा नाही, बाहेरची स्वतंत्र संस्था करते. सुरुवातीला हे काम मिशिगन विद्यापीठाच्या आयसीपीएसआर या संशोधन-डेटा सांभाळणाऱ्या संस्थेकडे होतं. लायब्ररीचं दार विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था यांनाच उघडं आहे. क्राउडटँगल पत्रकारही वापरत असत. आता नफ्यावर चालणाऱ्या वृत्तपत्राला किंवा वाहिनीला प्रवेश नाही, आणि हे मोठं नुकसान आहे. डेटा वापरण्याच्या करारावर विद्यार्थ्याची किंवा गाइडची सही पुरत नाही, संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार असलेल्या व्यक्तीचीच लागते. त्यामुळे विद्यापीठातली फाइल अर्ज भरायच्या आधीच हलवायला घ्यावी. डेटा ज्यात ऑनलाइन हाताळायचा, त्या सुरक्षित संगणकीय कक्षाचं शुल्कही आधी विचारून घ्या, ते परकीय चलनात असू शकतं. यूजीसीच्या जेआरएफमध्ये (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक खर्चाला पहिली दोन वर्षं वर्षाकाठी १०,०००च असतात. असा खर्च त्यात बसणं अवघड. विभागाने किंवा प्रकल्पाने उचलावा लागतो.

काम ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड चालवायच्या वहीत, पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरून करायचं. सात दिवसांत पाच लाख नोंदींची मर्यादा आहे, म्हणून आधी दोन-तीन दिवसांच्या छोट्या कालावधीवर शोध चालवून पाहावा. तिथे काढलेल्या मूळ पोस्टी कक्षाबाहेर नेता येत नाहीत. तक्ते आणि आलेख तपासणीनंतरच बाहेर येतात. लोकांच्या खाजगीपणासाठी हे योग्यच आहे. अडचण वेगळीच आहे: फेसबुकवरून काढलेली पोस्ट लायब्ररीतूनही जाते. सर्वांत घातक मजकूर सर्वांत आधी काढला जातो, म्हणजे अभ्यासाचा विषयच हातातून निसटतो. तोच शोध महिन्याने चालवला तर आकडे जुळत नाहीत. प्रत्येक शोधाची तारीख, वेळ आणि मिळालेल्या नोंदींची संख्या त्याच दिवशी लिहून ठेवावी.

मराठीसाठी खरी मेहनत शोधशब्दांवर. ‘मुलं पळवणारी टोळी’ ही अफवा घ्या. ‘मुलं’, ‘मुले’, ‘पोरं’. ‘पळवणारी’, ‘पळविणारी’, ‘चोरणारी’. शिवाय ‘टोळीने’, ‘टोळीला’, ‘टोळ्या’. ही सगळी रूपं द्यावी लागतात, आणि रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची वेगळी. त्यात ‘पळवणाऱ्या’मधला ऱ्य सर्वांत फसवा. कुणाच्या कीबोर्डवर तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून उमटतो, तर कुणाच्या कीबोर्डवर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधून आकडे ताडून पाहा, आणि मोजणीआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्या. हे राहिलं तर निष्कर्ष एका प्रकारच्या कीबोर्डकडे झुकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेसबुकवरच्या सार्वजनिक पानांचा आणि ग्रुपांचा अभ्यास करायचा असेल, तर एवढा त्रास सोसून लायब्ररी घ्यावी. पण महाराष्ट्रातल्या अफवांवर काम करणाऱ्याने प्रबंधाचा आराखडा मांडण्याआधीच एक ध्यानात घ्यावं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांची ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. व्हॉट्सअ‍ॅपचे असे खाजगी ग्रुप या लायब्ररीत दिसत नाहीत. त्यासाठी गावात जाऊन लोक स्वतःहून दाखवतील तेच फॉरवर्ड गोळा करावे लागतात. त्याला एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी घ्या, कारण फोन दाखवणाऱ्याने संमती दिलेली असली, तरी पडद्यावर ज्यांची नावं आणि नंबर दिसतात त्या बाकीच्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं.