एमसीआर सँडल : बधिर पायांनी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या माणसानं कोल्हापुरी सोडून काळी रबरी सँडल घातली की पाहुण्यारावळ्यांत चेष्टा ठरलेली. होऊ दे. नवी कोल्हापुरी चावते हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण मधुमेहानं माझे तळवे बधिर झालेत, मला ती चावलेली कळतच नाही. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनची बारीक तार तळव्याला टेकवली. अंगठ्याखाली कधी टेकवली, मला पत्ताच नाही. मग चालणं बंद करू नका म्हणाले, चप्पल बदला.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेलं. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठीही हेच वापरतात. अंगठ्यानं दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं, त्यामुळं सगळा भार एकाच जागी येत नाही. खाली वेगळा कडक तळ आहे, काटा-खडा वरपर्यंत पोचत नाही. खिळा एकही नाही, सगळं चिकटवून शिवलेलं. टाचेमागं पट्टा असल्यानं बोटं आखडून चप्पल धरून ठेवावी लागत नाही. पाय सुजला तर वेलक्रो सैल करायचा.

दुकानदारानं माप घ्यायला मुद्दाम संध्याकाळी बोलावलं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर उभं करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. "चार दिवसांत बसेल की" असं म्हणाला नाही, इथंच मला माणूस पटला. पहिल्याच दिवशी टोचणारी चप्पल आपल्या कामाची नाही. नवी सँडल आधी घरात थोडा थोडा वेळ घालायची आणि काढल्यावर तळवे बघायचे, हेही त्यानंच सांगितलं. माझं पोट आड येतं, म्हणून आमची मंडळी आरसा धरते.

एक गोष्ट मात्र खटकली. त्याच फळीवर गुठळ्यागुठळ्यांच्या अॅक्युप्रेशर चपला, वर "शुगर कमी होते" अशी पाटी! बधिर पायाला त्या गुठळ्या म्हणजे जखमेला आमंत्रण. मी तिथंच बोललो. तो हसला, पाटी काही काढली नाही.

सँडलच्याही तक्रारी आहेत. वजनाला जड, वेलक्रोत माती बसते आणि पावसात भिजली की लवकर वाळत नाही. ओल्या सँडलनं बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात मी घरातच पायऱ्या टाळून फेऱ्या मारतो. किंमत साध्या चपलेच्या तिप्पट, आणि रबर कायमचं दबलं की बदलावीच लागते.

सँडल चांगली मिळाली म्हणून बिनधास्त सुटायचं नाही. मी ग्लिमेपिराइड घेतो, या गोळीनं रक्तातली साखर कधी फारच उतरते, म्हणून निघण्याआधी बोट टोचून साखर बघतो. शंभरच्या खाली असेल तर आधी थोडं खातो. खिशात साखरेची पुडी असतेच. हात थरथरले, दरदरून घाम सुटला की कट्ट्यावर बसायचं, तीन चमचे साखर खायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा साखर.

पायाला आधीच जखम किंवा फोड असेल तर मात्र या दुकानात जाऊ नका. आधी डॉक्टरांना पाय दाखवा, आणि ते सांगतील तोवर त्या पायावर फेऱ्या बंद.