उपकेंद्र, पीएचसी की ग्रामीण रुग्णालय: घरातल्या कुणाला कुठे न्यावं?

गावाकडे बरेच जण साध्या कामालाही थेट तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय गाठतात. मला ते पटत नाही. जे काम पुन्हा पुन्हा करायचं ते घराजवळ करावं, जोखमीचं असेल ते मोठ्या ठिकाणी.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) जिल्हा परिषद चालवते. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं. निकषाप्रमाणे सपाट भागात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक पीएचसी. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार आणि २० हजार. पीएचसीत साधारण ६ खाटा, ग्रामीण रुग्णालयात ३०. खर्चाचा प्रश्न नाही, १५ ऑगस्ट २०२३ पासून तिन्हीकडे केसपेपरसुद्धा मोफत आहे.

बाळाच्या लसींसाठी उपकेंद्रच. जन्मतःच्या लसी डिलिव्हरी होते तिथेच देतात, पण त्यानंतर ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, दीड वर्षाच्या आसपास, पुन्हा पाचव्या वर्षी. प्रत्येक वेळी एसटीने तालुक्याला जायचं म्हटलं की एखादा डोस राहतोच. उपकेंद्राच्या सिस्टरकडे गावातल्या बाळांची यादी असते आणि बाळ आलं नाही तर आशाताई दारात येऊन विचारते. हा पाठपुरावा मला फार मोलाचा वाटतो. मोठ्या रुग्णालयात तो मिळणं अवघड.

डिलिव्हरीचं मात्र नीट ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे सरळ विचारा, "यात जोखीम आहे का?" आधीचं सिझेरियन, वाढलेलं बीपी, जुळं किंवा रक्त फारच कमी असेल तर पीएचसीवर थांबू नका. पण ग्रामीण रुग्णालय ठरवण्याआधी तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ खरोखर हजर असतात का, याची सातव्या-आठव्या महिन्यातच चौकशी करा. पद मंजूर असतं, माणूस नसतो. नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची तयारी ठेवा. सगळं सुरळीत असेल तर पीएचसी पुरेशी आहे. न्यायला १०२ ची गाडी मोफत मिळते.

आजी-आजोबांचं बीपी, शुगर तपासायला आणि गोळ्यांना आधी उपकेंद्रात जा, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतील तर. मोतीबिंदूसाठी नेत्रतपासणी कोणत्या दिवशी असते, हे ग्रामीण रुग्णालयात विचारून मगच निघा. म्हाताऱ्या माणसाला हेलपाटा घडवू नये. छातीत दुखलं तर कुठलंही केंद्र न शोधता १०८.

सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच चालतं, रोजच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रच लागतं.