टेबल घ्यावं की खालीच बसावं? भाकरी होणाऱ्या घराचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात नोकरी लागते, गारखेड्यात नाहीतर बजाजनगरात किरायाने वन बीएचके मिळतो, गॅस येतो, कूलर येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पगाराच्या सुमाराला घरात विषय निघतो : डायनिंग टेबल घ्यायचं का? एकाला हॉल भरल्यासारखा दिसायला हवा असतो, दुसऱ्याला गावाकडून पाहुणे आले की गाद्या टाकायला जागा लागते. दोघांचंही खरं आहे. मी दोन्ही करून बसलोय आणि सध्या खालीच जेवतो. टेबल घेणारा चुकतो असं मात्र मी म्हणणार नाही.

जागेचं आधी उरकून टाकू. चार खुर्च्यांचं म्हणून जे टेबल मिळतं ते साधारण ४ फूट बाय अडीच फूट असतं. लोक तेवढंच मोजतात आणि फसतात, कारण खरी जागा खुर्ची खाते. खुर्ची मागे ओढून माणसाला उठता यावं यासाठी टेबलाच्या कडेपासून ३ फूट सोडावे लागतात. दोन्ही अंगांना बसायचं तर झाले साडेआठ फूट, आणि आपला हॉल १० फुटी. लांब बाजू भिंतीला टेकवली तर साडेपाचात भागतं, पण टोकाच्या खुर्च्या जाण्यायेण्याच्या वाटेत येतात. घेण्याआधी फरशीवर वर्तमानपत्रं पसरून टेबल आखा, भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडा आणि एक दिवस तसेच वावरा. फ्रिजचं दार, कपाटाचं दार, गॅलरीचं दार पूर्ण उघडतं का ते त्यातच कळतं. खाली बसायला माणशी २ फूट रुंदी पुरते. ६ फुटी चटईवर तिघं बसतात, समोर दुसरी टाकली की सहा जण, आणि जेवण झालं की दोन्ही गुंडाळून दाराआड.

आता लाकूड. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. सागवान असो की शिसम, लाकूड आकसतं, चूळ, म्हणजे खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक, सैल होते आणि टेबल डुगडुगायला लागतं. तेव्हा लगेच सुताराला बोलावून पाचर ठोकून घेऊ नका. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि पाचर मारलेली खाच तडकते. बोल्टचं टेबल असेल तर मेमध्ये अर्धा आटा कसायचा, पावसाळा लागला की तेवढाच सोडायचा, एवढ्यावर काम होतं. कूलरच्या झोतात टेबल ठेवू नका. एका अंगाला ओल आणि दुसऱ्या अंगाला कोरडं असलं की फळीला बाक येतो. सनमायका फक्त वरून लावलेला असेल तर तो आणखी लवकर येतो, म्हणून दुकानात टेबलाच्या पोटाखाली हात फिरवून तिथेही पातळ शीट आहे का बघा. विक्रेत्याला काय वाटायचं ते वाटू द्या.

किरायाचा करार ११ महिन्यांचा, म्हणजे घर बदलायची वेळ कधीही येते. भुसा दाबून केलेल्या फळीत स्क्रू एकदाच नीट धरतो. दुसऱ्या घरी जोडताना तो नुसता गरगर फिरतो. उपाय आहे : भोकात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन लाकडी काड्या ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, बाहेर आलेला भाग कापायचा आणि मग स्क्रू पिळायचा. त्यापेक्षा घेतानाच पायांना लोखंडी नट बसवलेलं टेबल घेतलेलं बरं. काचेचं टॉप घेऊन शिफ्टिंगच्या टेम्पोत बसायची हौस असेल तर माझं काही म्हणणं नाही.

पुसायचा मुद्दा टेबलाच्या बाजूने जाईल असं वाटतं, पण पूर्ण जात नाही. बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी जड असतं. काचेवर आणि काळ्या सनमायकावर ओलं फडकं फिरवलं की वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी असं फडकं मारून लगेच कोरड्यानं पुसलं तर निघतात. हे संगमरवरी टॉपवर चुकूनही करू नका, आणि खालच्या शहाबादी किंवा कोटा फरशीवरही नाही. हे सगळे चुन्याचे दगड आहेत, आंबटानं त्यांची चकाकी कायमची जाते. चिंचेचं सार किंवा ताक सांडून तसंच राहिलं तरी तेच होतं. त्यामुळे शहाबादी फरशीच्या घरात खाली बसायचं तर ताट चटईवरच हवं, फरशीवर नको.

इथवर दोन्ही पारडी मागेपुढे होतात. माझ्यापुरता निकाल लागला तो भाकरीवर.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नाही. ग्लुटेनच नसतं तिच्यात. उकळत्या पाण्यात पीठ उकडून, परातीत मळून मळून आपण ते एकत्र धरून ठेवतो. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, ते पाणी सुकत आलं की लगेच उलटायची. उशीर झाला तर वरचा थर कोरडा पडून तडे जातात, वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. वेळेत उलटली, मग आचेवर धरली, की पापुद्रा टम्म सुटतो. ही भाकरी ताटात पडते तेव्हा बोटाला चटका बसतो आणि पापुद्र्याखालून वाफेचा भपकारा येतो. तिचं आयुष्य तिथून पुढे फार तर चार-पाच मिनिटांचं. उघडी ठेवली तर गार होताना तिच्यातला स्टार्च आवळत जातो आणि ती कडक होते. झाकली तर वाफेचं पाणी होऊन खालच्या अंगाला बसतं आणि ती वातड होते. उघडी ठेवली तरी पंचाईत, झाकली तरी पंचाईत.

पोळीचं असं नाही. तेल लावून घडी घातलेली पोळी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर तासा-दोन तासांनीही मऊ असते. स्वयंपाक आधी करून ठेवायचा, डबा टेबलावर आणायचा, सगळ्यांनी एकत्र बसायचं, ही पद्धत पोळीला चालते. डायनिंग टेबल हे मुळात पोळीचं, भाताचं फर्निचर आहे असं माझं मत आहे, कोणी हसलं तरी.

हॉलमधल्या टेबलावर भाकरीचं काय होतं ते बघा. ओट्यापासून टेबल दहा-बारा पावलं. भाकरी नेऊन वाढून परत येईपर्यंत तव्यावरच्या भाकरीचं पाणी वाळून गेलेलं असतं. म्हणून भाकरी करणारं माणूस फेऱ्या मारतच नाही, दुरडीत थप्पी लावतं. थप्पीत वरची एक काय ती ताजी, खालच्या सगळ्या एकमेकींच्या वाफेनं दमट. आणि करणारं माणूस शेवटी, बाकीचे हात धुऊन टीव्हीसमोर बसल्यावर, एकटं त्या चार खुर्च्यांच्या टेबलावर जेवतं. मी काही घड्याळ लावून किंवा थर्मामीटर खुपसून हे तपासलेलं नाही. टेबल होतं तेव्हा सकाळी फोडणीची भाकरी ठरलेली असायची, आता उरतच नाही, एवढाच माझ्याकडचा पुरावा.

खाली बसायचं ते मग स्वयंपाकघरातच बसावं, तरच फायदा. वन बीएचकेचं स्वयंपाकघर साधारण ८ बाय ८ धरा. ओटा २ फूट खोल, पुढे उभं राहायला २ फूट, उरले ४. समोरच्या भिंतीशी ४ बाय ६ ची चटई बरोबर बसते. जेवणाऱ्यांची पाठ भिंतीला, तोंड ओट्याकडे. भाकरी तव्यावरून उचलली, मागे वळलं, ताटात टाकली. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, येसर आमटीचं पातेलं मध्ये. करणारं माणूस गप्पांतून तुटत नाही, आणि दोन भाकऱ्या खाऊन झालेल्यानं उठून तव्याचा ताबा घेतला तर तेही गरम जेवतं. तसंच एक २ बाय ३ फुटांचं टेबल स्वयंपाकघरात ठेवलं तर भाकरीचा प्रश्न सुटेल हे मला मान्य आहे. फक्त ते तिथून हलत नाही, आणि रोज त्याला वळसा घालून फ्रिजपर्यंत जावं लागतं. भिंतीला बिजागरीनं लावायचं पाडता येणारं टेबल त्यावर चांगला तोडगा आहे, पण ड्रिल मारण्याआधी घरमालकाला विचारा. डिपॉझिटमधून भोकांचे पैसे कापणारे मालक असतात.

खालच्या बैठकीचे त्रास लपवण्यात अर्थ नाही. गुडघे दुखत असतील तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. गुडघा बदललेल्या माणसाला मांडी घालायला लावूच नये. आई-वडील येऊन-जाऊन असतील तर हात असलेल्या दोन पक्क्या खुर्च्या आणि एक घडीचं उंच टेबल घरात हवंच, ते स्वयंपाकघराच्या दारातच मांडायचं म्हणजे त्यांनाही भाकरी गरम मिळते.

दुसरा त्रास ताटाच्या उंचीचा. ताट फरशीवर आणि माणूस पाटावर, ही जुनी रीत सारवलेल्या जमिनीवर ठीक होती. टाइल्सवर त्यानं वाकणं वाढतं आणि कुस्करलेल्या भाकरीचा रस्सा घासागणिक गुडघ्यावर गळतो. उलटं करा : माणूस दुहेरी घडीच्या सतरंजीवर, ताट ८ ते १० इंच उंच चौरंगावर. चौरंग मांडीच्या पुढे यावा, मांडीवर चढू नये. ताटाला इंचभर काठ हवा. सपाट मेलामाईनच्या प्लेटा या कामाच्या नाहीत.

तिसरा, मुंग्या. गूळ आणि शेंगदाण्याचा कूट यांची खबर त्यांना आपल्याआधी लागते. जेवण झाल्या झाल्या खरकटं आधी कोरड्या झाडणीनं गोळा करा, मग ओलं फडकं फिरवा. आधीच ओलं मारलं तर भाकरीचं पीठ भिजून टाइल्सच्या सांध्यात गिलाव्यासारखं बसतं आणि दुसऱ्या दिवशी घासावं लागतं. रोजच्यासाठी प्लास्टिकची विणलेली चटई घ्या, तांब्याभर पाण्यात साफ होते. सतरंजीवर आमटी सांडली तर दोन बादल्या गेल्या, आणि जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर असून आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर चटई सरकते, तिच्याखाली रबरी जाळी टाका.

उजेडाचा मुद्दा कोणी सांगत नाही. टेबलावर लटकता दिवा टाकायचा तर तो टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० इंचांच्या आसपास ठेवावा, खाली आला तर समोरच्याचं तोंड झाकतो. खाली बसल्यावर मात्र पाठीमागच्या भिंतीवरच्या ट्यूबमुळे आपल्याच डोक्याची सावली ताटात पडते. ओट्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे समोरून येणारा पिवळसर ९ वॅटचा दिवा लावला की भाकरी भाजणाऱ्यालाही दिसतं आणि जेवणाऱ्यालाही.

टेबल नसलं की हॉल ओकाबोका दिसतो ही तक्रार रास्त आहे. एका भिंतीला गादी-लोडची बैठक करा, वर हिमरूची शाल किंवा पट्टा लावा. खिळे ठोकून लावू नका, वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यातून काठी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. उन्हाच्या तिरिपीपासून लांब ठेवा. हाच हिमरू टेबलावर रनर म्हणून टाकायचा मोह होतो, तो टाळा. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं कापड ते, काळ्या मसाल्याच्या तेलाचा डाग त्यातून निघत नाही.

ज्यांच्याकडे दोघंही वाळूज नाहीतर शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात, रात्री पोळीचा डबा येतो नाहीतर रविवारी जुन्या शहरातून नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) आणला जातो, त्यांनी खुशाल टेबल घ्यावं. नान खमिराचा, मऊ, कागदात गुंडाळून अर्ध्या तासानंही तुटत नाही, आणि खलिया मंद आचेवर पुन्हा गरम करता येतो. त्या घरात मी उगाच चटईचा आग्रह धरणार नाही.

ठरतच नसेल तर दोन आठवडे कॅलेंडरवर रोज रात्री एक अक्षर लिहा : भाकरी झाली तर भ, पोळी झाली तर प, बाहेरून आलं तर ब. चौदात आठच्या वर भ आले तर सध्या चटई, चौरंग आणि समोरचा दिवा एवढंच घ्या. चटई ४ बाय ६ चीच बघा. दुकानदार ३ बाय ६ ची पुढे करतो, तिच्यावर चौरंग मांडला की माणूस फरशीवर येतो.