रूपांतरित विद्युत गाडीचा विमा : सोलापुरातील एका सल्लागाराच्या सेवेविषयी

आमच्या 2014 च्या पेट्रोल गाडीचे इंजिन काढून तिला विजेवर चालणारा संच बसविला, त्यानंतर सर्वांत अवघड काम विम्याचेच ठरले. गाडीची बाजारातील किंमत जेमतेम एक लाख आणि आतल्या लिथियम बॅटरीची दोन लाख साठ हजार, हा उलटा हिशेब विमा कंपन्यांच्या संगणकात सहजासहजी बसत नाही. सात रस्ता परिसरातील एका विमा सल्लागाराने तो बसवून दिला, म्हणून त्यांच्या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी एका कंपनीने दिलेल्या पॉलिसीच्या मसुद्यात ‘इंधन : पेट्रोल’ असेच छापून आले होते आणि विमा रक्कम केवळ मॉडेल व वर्ष पाहून ठरविली होती. दुरुस्ती नंतर करून देऊ, असे तेथे सांगण्यात आले. सल्लागारांनी तो मसुदा पाहताच, ‘‘सर, आरसी बुकात इलेक्ट्रिक आणि पॉलिसीत पेट्रोल असेल, तर क्लेमच्या वेळी पहिला आक्षेप यावरच येईल,’’ असे स्पष्ट सांगितले आणि हप्त्याचे पैसे घेण्याआधी सर्व कागद मागवून घेतले. जुन्या गाडीत विद्युत संच बसविण्यासाठीच्या एआयएस-123 या मानकानुसार चाचणी संस्थेने संचाला दिलेली मान्यता, संच बसविणाऱ्या अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र, बॅटरीचे स्वतंत्र बिल आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओने बदलाची नोंद केलेले आरसी बुक एवढे हाती असल्याशिवाय ते प्रस्ताव पुढे पाठवीत नाहीत. मान्यता नसलेला संच घरच्या घरी बसविलेल्या गाडीचे काम ते घेतच नाहीत, आणि हे मला योग्य वाटते.

गाडीची तपासणी मनापासून झाली. सर्वेक्षकांनी मागची सीट उचलून बॅटरीच्या पेटीवरील अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहिला, जाड नारिंगी केबल चेसिसला कोठे घासते का हे टॉर्च लावून पाहिले आणि चार्जिंगच्या सॉकेटपासून हिरव्या नंबरप्लेटपर्यंत प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र घेतले. क्लेमच्या वेळी बॅटरी तीच होती हे सिद्ध करण्यास हीच छायाचित्रे उपयोगी पडतील.

आता पैशांविषयी. तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचा, दर सरकार ठरविते. 2022 च्या दरपत्रकात 30 किलोवॅटपर्यंतच्या खाजगी विद्युत गाडीसाठी तो 1,780 रुपये होता, त्यामुळे तेथे कोणत्याही सल्लागाराचे कौशल्य लागत नाही. खरे काम स्वतःच्या नुकसानीच्या भागात असते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते, या तरतुदीचा आधार घेऊन त्यांनी बॅटरीची किंमत विद्युत उपकरणांच्या रकान्यात वेगळी लिहून घेतली. त्यासाठी चार टक्के दराने 10,400 रुपये अधिक पडले. रक्कम मोठी आहे, पण तो आकडा पॉलिसीत छापलेला नसता, तर बॅटरी गेल्यावर कंपनीकडे कोणत्या आधारावर बोललो असतो?

त्यांची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी उणी बाजूही सहीपूर्वीच सांगितली. अंशतः नुकसानीच्या क्लेममध्ये बॅटरीवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो, म्हणजे आमच्या बॅटरीचे फार तर एक लाख तीस हजार हाती येतील. शून्य घसाऱ्याचे जोडसंरक्षण एवढ्या जुन्या गाडीला मिळाले नाही. आग, स्वयंप्रज्वलन, चोरी, पूर यांना संरक्षण आहे. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा 42 अंशांच्या पुढे असताना, बॅटरीची क्षमता हळूहळू घटली तर ती झीज मानली जाते आणि तिची भरपाई मिळत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने जिल्ह्यात जे झाले ते पाहिल्यावर पाणी शिरून होणाऱ्या शॉर्ट सर्किटविषयी मी मुद्दाम विचारले. त्यासाठीचे स्वतंत्र बॅटरी संरक्षण कारखान्यातूनच विद्युत म्हणून आलेल्या गाड्यांना मिळते, आमच्या गाडीला कंपनीने नाकारले, असे त्यांनी कंपनीचे लेखी उत्तर दाखवून सांगितले.

सेवेत उणीव आहे ती वेगाची. कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडून मंजुरी येईपर्यंत गाडी दारात उभी ठेवावी लागली आणि त्या काळात फोन केल्याशिवाय काही कळत नसे. अटींचा मराठी गोषवारा त्यांनी तोंडी दिला. तो छापील असता तर घरातील सर्वांना वाचता आला असता. तरीही पुढील वर्षीचे नूतनीकरण मी त्यांच्याकडेच करणार आहे, आणि मान्यताप्राप्त संच बसविलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी जुनी पॉलिसी संपण्याच्या महिनाभर आधीच त्यांच्याकडे कागद द्यावेत.