काकवी आटवायला करून घेतलेला पसरट स्टीलचा ट्रे, दोन सिझन वापरून झाल्यावर

येळ्ळूरला आमच्या घरी संक्रांतीच्या मागंपुढं घरापुरती काकवी होतेच. गुऱ्हाळातनं आणली तरी आईला पटत नाही, तिला काळपट, दाट, जिभेवर जरा कडसर गोडी रेंगाळणारी पाहिजे. आजवर गॅसवर खोल पातेल्यात करायचो, 12 लिटर रस आटायला सहा तास, तोवर एक माणूस तिथंच अडकलेला.

ट्रेची आयडिया आली मेपल सिरपवरनं. आत्तेभाऊ कॅनडात असतो, तो सांगत होता की तिकडं 40 लिटर रस आटवावा तेव्हा कुठं 1 लिटर सिरप, कारण त्या झाडाच्या रसात साखर दोनेक टक्केच. आपल्या उसाच्या रसात 16 ते 20. आणि ते लोक खोल भांड्याच्या नादाला लागतच नाहीत, पसरट ट्रे आणि खाली लांबलचक जाळ. आपल्या गुऱ्हाळातली काहील तरी काय, पसरटच की.

मग बेळगावातल्या एका भांडीवाल्याकडनं 24 बाय 16 इंचाचा, सहा इंच काठाचा ट्रे करून घेतला, 3200 रुपये. परसात विटांची चूल मांडली, रसवंतीवाल्याला सकाळी लवकर, लिंबू-आलं घाण्यात पडायच्या आधी रस काढून द्यायला सांगितलं, आणि तोच 12 लिटर रस अडीच तासात आटला! पण नुसत्या पसरटपणानं हे होत नाही, जाळ सगळ्या बुडाला लागला पाहिजे, एका बर्नरवर ठेवून काही उपयोग नाही. आणि गार रस मधेच ओतला की उकळी बसते, म्हणून निम्मा रस शेजारी दुसऱ्या चुलीवर कढत ठेवायचा आणि तोच थोडा थोडा सोडत राहायचा. मळी मात्र सुरुवातीलाच नीट काढा, आम्ही भेंडीचं झाड ठेचून पाण्यात चोळतो आणि ते चिकट पाणी घालतो, मळी वर येते. फेस काठावर आला की चमचाभर शेंगतेल.

आता चवीचं. पहिल्या खेपेला काकवी फिकी आली, आई म्हणाली "ही काय पोरांच्या औषधासारखी." मग कळलं, रस पातळ असतो तोवर नुसतं पाणी उडतं, रंग आणि ती खमंग चव येते शेवटी, पाक दाट होऊन ताप चढला की. म्हणजे सुरुवातीला कितीही घाई केली तरी चवीचं काही बिघडत नाही. आता तीनेक लिटर उरलं की जाड बुडाच्या पातेल्यात काढतो आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवतो. तसंही ट्रेमधे तेव्हा थर बोटभर पण उरत नाही, तिथंच ठेवलं तर करपणार हे नक्की. थर्मामीटर वापरणार असाल तर आधी साधं पाणी उकळून बघा, बेळगाव उंचावर असल्यानं इथं ते 100 च्या आधीच उकळतं, त्याच्यावर सहा-सात डिग्री चढली की काकवी झाली. 12 लिटरला सव्वादोन लिटरच्या आसपास मिळते, रंग पहिल्यापेक्षा गडदच.

तक्रार एकच, पण मोठी. दुसऱ्याच वेळी कोपऱ्यातलं वेल्डिंग झिरपायला लागलं, रस थेंबथेंब जाळात आणि सगळ्या परसात करपट वास. भांडीवाल्याकडं नेला तर "एवढं चालतंय की" म्हणाला, चांगलंच ऐकवल्यावर परत वेल्डिंग करून दिलं, आठ दिवस गेले. शिवाय पत्रा पातळ, मधे फुगलाय, तिथं रस कमी राहतो आणि आधी डागतो. तुम्ही करून घेणार असाल तर बुडाला 2 एमएमचा पत्रा, गोल कोपरे आणि कडेला एक तोटी सांगा, गरम ट्रे दोघांनी धरून वाकवायचा म्हणजे जीव मुठीत असतो.

एवढं सगळं असूनही हा ट्रे मी परत घेईन, फक्त दुसऱ्याकडनं. आणि काढून झाल्यावर लगेच घासायला टाकू नका, तळाला चिकटलेल्या काकवीवर कढत पाणी ओतायचं आणि त्याच पाण्याचा चहा टाकायचा, आमच्याकडं त्या दिवशी चुलीपाशी सगळी गल्ली असते.