फॉरेक्स कार्ड, चार देश आणि ते २२० बाथ : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

परवा सकाळी मेसेज आला : कार्ड १८० दिवस न वापरल्याबद्दल ५ डॉलर कापले. महिन्यापूर्वीही असाच एक आलेला, तो मी जाहिरात समजून पुसून टाकला होता. कार्डावर ४६ डॉलर उरले होते, त्याचे ३६ झाले. वापरलं तरी पैसे, नाही वापरलं तरी पैसे. त्या तिरमिरीत लिहायला बसलोय, तेव्हा सुरुवातीचा सूर जरा तिखट लागला तर चालवून घ्या.

फॉरेक्स कार्ड म्हणजे परदेशात खर्चायला आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. सगळी थोड्याफार फरकाने एकाच माळेचे मणी आहेत. डॉलर भरा, थायलंडचे बाथ भरा, पिन घ्या, हे सगळ्यांना माहीत असतं. मी आणि माझी मुलगी जानेवारी ते मार्च २०२५ असे ५८ दिवस थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया पाठीवर सॅक टाकून फिरलो. बजेट माणशी रोज अडीच हजार रुपये. विमान आणि व्हिसा वेगळे. मी एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. एक नट कमी भरला तर संध्याकाळी घरी न जाणारा माणूस. म्हणून वही घेतली होती, दोनशे पानी, आणि प्रत्येक पावती तिच्यात चिकटवत होतो.

त्या वहीत पहिल्याच पानावर ती पावती आहे. बँकॉक विमानतळ, ३००० बाथ काढले, खाली वेगळी ओळ : २२० बाथ. तेव्हाच्या भावाने साडेपाचशे रुपये. वर आमच्या कार्डाचा एटीएम चार्ज २ डॉलर. म्हणजे साडेसात हजार काढायला सव्वासातशे रुपये, जवळजवळ साडेनऊ टक्के. आमच्या गावचा सावकारसुद्धा पहिल्या दिवशी इतकं कापत नव्हता.

मला वाटलं, कार्डवाल्यांनी छुपा चार्ज लावला. रात्री हॉस्टेलच्या बंक बेडवर बसून ईमेल लिहिला. उत्तर आलं नाही. चार दिवसांनी परत ३००० काढले, परत २२०. परत ईमेल. चियांग मायला पोचेपर्यंत सहा वेळा पैसे काढून झाले होते. १३२० बाथ. रस्त्यावर पाद थाय (परतलेल्या नूडल्स) ६० बाथला मिळत होतं, म्हणजे २२ प्लेटी. हे मी मुलीला रोज ऐकवत होतो. ती म्हणायची, "बाबा, सोड ना ते २२०. पुढच्या वेळी जास्त काढ."

सहाव्या वेळी तिने तिचं कार्ड घातलं. तोवर ते ती फक्त हॉस्टेल बुकिंगला वापरत होती. कुठल्याशा नव्या बँकेचं डेबिट कार्ड, परदेशी व्यवहाराला मार्कअप, म्हणजे बँक वर लावते ती जादा टक्केवारी, शून्य. मी शेजारी उभा, मनातून खूश, की आता बघू. स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली की ही मशीन २२० बाथ घेईल, मान्य असेल तर पुढे जा. तीच ओळ मलाही पाच वेळा दिसली असणार. मागे रांग असली की मी वाचायच्या आत हिरवं बटण दाबतो.

तर इथे मत बदलतोय. २२० बाथ कार्डवाल्यांचे नाहीत. मशीन ज्या थाई बँकेची, तिचे आहेत, आणि परदेशी कार्ड कुठलंही असो, ती घेतेच. रक्कम मात्र ठरलेली, तीन हजार काढा नाहीतर वीस हजार. वीस हजार काढले असते तर माझा दोन्ही मिळून खर्च दीड टक्क्याच्या आत आला असता. मी तीन-तीन हजार काढत होतो, कारण कमरेच्या पाऊचमध्ये जास्त रोकड ठेवायची भीती वाटत होती. एकदाच काढले असते तर एकच २२० गेले असते, म्हणजे भीतीची किंमत ११०० बाथ. कार्डवाल्यांना मनातल्या मनात सॉरी म्हटलं. ईमेलला उत्तर दिलं नाही ते दिलं नाहीच, पण तो वेगळा मुद्दा.

चियांग मायमध्ये मग मी सॅकच्या तळातले शंभर डॉलरच्या नोटांचे तीन कागद काढले आणि पैसे बदलायच्या काउंटरवर गेलो. कमिशन नाही, पावतीवर एकच आकडा. एक गोष्ट तिथे कळली : शंभरच्या नोटेला भाव जास्त, वीसच्या आणि दहाच्या नोटेला कमी. पुण्यात मनी चेंजरने "सुट्टे बरे पडतात हो काका" म्हणून वीस-वीसच्या नोटा गळ्यात मारल्या होत्या. (परदेशी चलन नोटांमध्ये माणशी ३००० डॉलरपर्यंत नेता येतं. मी दोघांत मिळून ८०० नेले. हा माझा दुसरा मूर्खपणा.)

लाओसबद्दल फार लिहीत नाही. हुआय सायहून लुआंग प्रबांगला दोन दिवसांची संथ बोट, मेकाँगवर पाय पसरून बसलो, खर्च कमी, मन शांत. एवढंच लक्षात ठेवा की लाओसचा किप देशाबाहेर कुणी हातात धरत नाही, तेव्हा निघण्याआधी संपवा. आम्ही शेवटचे किप व्हिएनतिआनच्या बस स्टँडवर केळ्याच्या वेफर्समध्ये घातले आणि हनोईपर्यंतच्या चोवीस तासांत तेच खाल्ले.

कार्डाची खरी परीक्षा व्हिएतनाममध्ये झाली, आणि तिथे ते नापास. कार्डात तिथल्या चलनाचं, डोंगचं, खातं नाही. डॉलरमधून पैसे निघतात आणि जाताजाता साडेतीन टक्के क्रॉस करन्सी चार्ज, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात जायचा आकार, लागतो. ही ओळ पावतीवर येत नाही, भावातच मुरवलेली असते. मी वहीत भागाकार केला तेव्हा कळलं. एकूण सत्तर हजारांच्या आसपास त्या कार्डाने काढले, म्हणजे अडीच हजार असेच झिरपून गेले. मुलगी म्हणते, "खरा चोर हा आहे, आणि तू अजून २२० घेऊन बसलायस." बरोबर आहे तिचं. पण हा दिसत नाही. २२० दिसतात, पावतीवर छापून.

हनोईत अजून एक गंमत. मुलीचं कार्ड, मशीन मी चालवत होतो. ३० लाख डोंग मागितले. हिशेबाने दहा हजार दोनशे रुपयांच्या आत यायला हवे. स्क्रीनवर आलं : तुमच्या चलनात १०,७५० रुपये, स्वीकारता का? रुपयाचं चिन्ह बघून मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. बोट हिरव्या बटणावर गेलंच होतं, मुलीने मनगट धरलं. रुपयात दाखवायचा भाव मशीनवाली बँक स्वतः ठरवते आणि त्यात आपला मलिदा काढते. 'रूपांतराशिवाय' हे बटण कोपऱ्यात, फिकट रंगात असतं. ते दाबलं की व्यवहार स्थानिक चलनात होतो. पैसे तेवढेच मिळाले, साडेपाचशे रुपये वाचले. म्हणजे बरोबर एक २२०.

ह्वे शहरात किल्ल्याबाहेर नारळपाणी प्यायलो, २० हजार डोंग. नोट दिली आणि चालू लागलो. मागून बाई ओरडत, चप्पल फटफटवत धावत आली. मला वाटलं कमी दिले. तिने माझ्या हातात नोट कोंबली आणि दुसऱ्या हातातली निळी नोट शेजारी धरून दाखवली. २० हजार निळी, ५ लाखही निळसर, दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. मी ५ लाखाची दिली होती, सतराशे रुपये. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिने वीस हजार घेतले, वर नारळातली मलई चमच्याने खरवडून दिली. त्या दिवसापासून ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात. ५८ दिवसांत माझ्या चुकीचा फायदा न घेणारी ती एकमेव आर्थिक संस्था.

कंबोडियात मात्र कार्डाने मला चकित केलं. तिथली एटीएम डॉलर देतात. कार्डात डॉलर, बाहेर डॉलर, मध्ये साडेतीन टक्के नाहीत. मशीनने ५ डॉलर घेतले खरे, पण तोवर शहाणा झालो होतो, एकदाच मोठी रक्कम काढली. सुट्टे तिथल्या चलनात, रिएलमध्ये, मिळतात, डॉलरला साधारण ४००० धरतात. अंगकोरच्या देवळांचा तीन दिवसांचा पास माणशी ६२ डॉलर, दोघांचे १२४. असला खर्च रोजच्या अडीच हजारांत बसवू नका. मी बसवला आणि चार दिवस नुसतं भात-अंडं खाल्लं. अशा मोठ्या तिकिटांचं पाकीट घरूनच वेगळं काढा.

आणि तिथेच पुण्याच्या त्या वीसच्या नोटांनी दगा दिला. सिएम रीपच्या गेस्ट हाउसवाल्याने नोट उजेडात धरली, नखाने कडेवरचा तांदळाच्या दाण्याएवढा फाटका भाग दाखवला आणि परत केली. दुसरी दिली, तीही परत. तिसऱ्या नोटेवर पेनची रेघ. आपल्याकडे रिक्षावाला घेईल, तिथे कुणी घेत नाही. तशा पाच नोटा मी घरी परत आणल्या.

आता कार्डाचा निकाल. जिथलं चलन त्यात भरता येतं, किंवा कंबोडियासारखे डॉलर चालतात, तिथे ठीक. बाकी ठिकाणी मुलीचं शून्य मार्कअपवालं कार्ड आणि शंभरच्या कोऱ्या नोटा यांच्यापुढे ते टिकत नाही. थोडे थोडे पैसे भरत राहायची सवय तर वाईटच. रक्कम कितीही छोटी असली तरी चलन बदलताना किमान ४५ रुपये जीएसटी लागतोच, मी चार वेळा भरला. हिशेब जमला की हे कळतं, पण हिशेब घरी आल्यावर जमतो.

राहिले ते ३६ डॉलर. काल शाखेत गेलो. फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक, कार्ड. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पुढच्या ट्रिपला ठेवा की." म्हटलं, दर महिन्याला पाच कापाल तर पुढच्या ट्रिपपर्यंत मीच तुम्हाला देणं लागेन. घेताना भाव ८७.९० लावला होता, परत घेताना ८५, जेव्हा बाहेर डॉलर त्याहून तीन-साडेतीन रुपयांनी महाग आहे. वर परताव्याचे ११८ रुपये. खात्यात येणार २,९४२.

बाथ आता महागलाय. आजच्या भावाने हे पाच २२० सुद्धा भरत नाहीत.